पाहुणा उतरला मजूरवस्तीत

घरी पाहुणा येणार म्हटलं की पहिला प्रश्न पडतो तो, त्याला झोपवायचं कुठं? पाहुणा जवळचा असेल तर हॉलमध्ये गादी टाकली की भागतं. पण पाहुणा मोठा असेल तर? मग यजमानाला आपलंच घर वेगळं दिसू लागतं. भिंतीचे पोपडे, जिन्यातला अंधार, सकाळी नळावर होणारी भांडणं... सगळं एकदम डोळ्यांत भरतं. शेवटी ‘त्यापेक्षा हॉटेलात सोय करू’ असं ठरतं. यजमानाची लाज राहते, पाहुण्याची सोय होते. फक्त एक गोष्ट राहून जाते. ज्याला भेटायला एवढ्या लांबून आलो तो माणूस रोज कसा जगतो, हे पाहुण्याला कळतच नाही.

१९३१ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला गेलेल्या एका पाहुण्यानं मात्र हॉटेल नाकारलं. पाहुणा साधासुधा नव्हता. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून महात्मा गांधी इंग्लंडला गेले होते. परिषद भरणार होती सेंट जेम्स पॅलेसमध्ये, म्हणजे राजेरजवाड्यांच्या लंडनमध्ये. गांधीजींची उतरायची सोय करायला हॉटेलं होती, श्रीमंत चाहते होते. पण गांधीजी उतरले तिथून आठ-दहा किलोमीटर लांब, पूर्व लंडनमधल्या ‘बो’ नावाच्या मजूरवस्तीत. तिथं त्यांची एक मैत्रीण राहत होती. तिचं नाव म्युरियल लेस्टर.

आता ही म्युरियल कोण? तिचा जन्म १८८३ चा. वडील जहाजबांधणीच्या धंद्यातले, पैसेवाले आणि धर्मानं वागणारे. लंडनबाहेर हिरव्यागार परिसरात मोठं घर, नोकरचाकर, सुट्टीत परदेशप्रवास. लंडनला जायचं तर आगगाडी पूर्वेकडच्या वस्त्यांमधून जायची. काळवंडलेली घरं, धुराडी, खिडकीला खिडकी चिकटलेली. डब्यातले लोक तेवढ्या वेळापुरतं नाक मुरडायचे, मग पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालायचे. म्युरियलही त्यांच्यातलीच. ती अठरा-एकोणीस वर्षांची असताना तिला त्याच वस्तीतल्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींच्या एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. जावं तरी बघायला, म्हणून ती गेली. त्या मुली तिच्याच वयाच्या होत्या, तिच्यासारख्याच हसत-खिदळत होत्या. फरक एवढाच की त्या दिवसभर यंत्रापुढं उभ्या राहून आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जाणार होत्या.

हा ‘बो’चा भाग कामगार चळवळीच्या इतिहासात आधीच नोंदला गेला होता. ब्रायंट अँड मे या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींचा १८८८ चा गाजलेला संप इथलाच. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये, सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या पाद्री दांपत्यानं जवळच्याच व्हाइटचॅपलमध्ये ‘टॉयन्बी हॉल’ सुरू केला होता. त्यांची कल्पना साधी होती. गरिबांसाठी काही करायचं असेल तर लांबून मदत पाठवू नका, त्यांच्या गल्लीत राहायला या. शेजारी व्हा, मग काय करायचं ते कळेल. अमेरिकेच्या जेन अ‍ॅडम्स हे काम बघायला आल्या आणि परत जाऊन १८८९ मध्ये मैत्रिणीसोबत त्यांनी शिकागोत ‘हल हाऊस’ काढलं. त्याच वळणाचं काम आपल्या मुंबईतही झालं. १९२७ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानं ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. समाजकार्याचं रीतसर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ मध्ये सुरू झाली ती याच इमारतीत. आज आपण तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखतो.

म्युरियलनं हाच रस्ता धरला. मेळाव्यानंतर ती पुन्हा पुन्हा बोला जात राहिली आणि शेवटी धाकटी बहीण डॉरिस हिच्यासोबत तिथंच राहायला गेली. त्यांचा भाऊ किंग्जली तरुणपणीच, १९१४ मध्ये वारला. जाताना त्यानं आपले पैसे बहिणींच्या कामासाठी ठेवले. वडिलांनीही हात दिला. दोघी बहिणींनी एक बंद पडलेलं प्रार्थनामंदिर घेतलं, झाडून-पुसून रंगवलं आणि १९१५ मध्ये भावाच्या नावानं ‘किंग्जली हॉल’ उघडला.

तिथं काय चालायचं? बोमधल्या कामगाराला संध्याकाळी बसायला जागा एकच, दारूचा गुत्ता. कारण घरात उजेड आणि ऊब दोन्ही कमी. दारू वाईट असं सांगणारे पुष्कळ होते, पण मग माणसानं बसायचं कुठं, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. म्युरियलनं गुत्त्यासारखीच जागा काढली. गप्पा, गाणी, नाच, खेळ सगळं. फक्त दारू नाही! बायकांनाही तिथं मोकळेपणानं येता यायचं. रविवारी त्याच दिवाणखान्यात प्रार्थना व्हायची. धर्म आणि करमणूक एका छपराखाली कशी, म्हणून भुवया उंचावणारे होतेच. म्युरियलचं म्हणणं असं की, ज्या जागेत माणसं हसतात त्याच जागेत प्रार्थना झाली तर बिघडलं कुठं?

डॉरिसचा ओढा लहान मुलांकडं. १९२३ मध्ये मुलांसाठी ‘चिल्ड्रन्स हाऊस’ उभं राहिलं. त्या कामाला लेखक एच. जी. वेल्स यांचाही हातभार लागला. तिथं माँटेसरी पद्धतीनं शिकवणं सुरू झालं. अंधाऱ्या खोल्यांतून येणाऱ्या पोरांना ऊन आणि मोकळी हवा मिळावी म्हणून गच्ची ठेवली होती. म्युरियल स्थानिक नगरपालिकेतही गेली. माता आणि बालकांच्या आरोग्याची जी समिती होती, तिची ती अध्यक्ष झाली. पहिल्या महायुद्धात सगळा देश जर्मनांच्या नावानं दात-ओठ खात असताना तिनं युद्धाला उघड विरोध केला. ज्या शेजाऱ्यांसाठी ती राबत होती त्यांचीच मुलं आघाडीवर होती. त्यांचा राग सोसणं सोपं नव्हतं. पण ती गल्ली सोडून गेली नाही आणि मतही सोडलं नाही.

तिचा सगळ्यात धाडसी प्रयोग पैशांचा होता. वडील गेल्यावर त्यांच्या मिळकतीतून तिला दरसाल रक्कम मिळणार होती. ती तिनं नाकारली नाही आणि ‘दान’ही केली नाही. हा पैसा ज्यांच्या कष्टातून आला त्यांना तो परत जातोय, म्हणून तिनं त्याला नाव दिलं ‘परतफेड’! तो कसा खर्च करायचा हे वस्तीतल्या लोकांनीच बसून ठरवलं. आई आजारी पडली की घर उघडं पडतं, अशा घरी स्वयंपाक-धुणं करायला बाई पाठवायची, असं ठरलं. बाहेरून आलेल्या एखाद्या विद्वानाला कदाचित वाचनालय सुचलं असतं. पण बाळंतिणीच्या घरात चूल कोण पेटवणार, हा प्रश्न गल्लीतल्या बायकांनाच सुचू शकतो.

अशी ही म्युरियल १९२६ मध्ये हिंदुस्थानात आली. सोबत भाचा होता. साबरमती आश्रमात ती गांधीजींची पाहुणी म्हणून राहिली. आश्रमातला दिवस पहाटे चारच्या सुमारास प्रार्थनेनं सुरू व्हायचा. सूतकताई, स्वयंपाक, संडास-सफाई, यातलं कुठलंच काम हलकं मानलं जात नव्हतं. म्युरियलला हे परकं वाटलं नाही. तिच्या बोमध्येही कार्यकर्ते आपापली फरशी स्वतःच पुसत. दोन टोकांना बसून दोघं जवळपास एकच प्रयोग करत होते, हे दोघांच्याही लक्षात आलं.

पण पाहुणचार घेऊन, आश्रमाचे गोडवे गाऊन परत जाणं एवढ्यावर हे भागलं नाही. हिंदुस्थान सरकार दारू आणि अफूच्या विक्रीतून उत्पन्न मिळवतं, हे तिनं इथं पाहिलं. आपल्या गल्लीत जी बाई गुत्त्याविरुद्ध झगडत होती, तिला आपल्याच देशाचं सरकार इथं गुत्त्याच्या पैशावर चालताना दिसलं. गांधीजींनी तिला सांगितलं ते थोडक्यात असं, की जे पाहिलंस ते तुझ्या लोकांना सांग. घाबरू नको, पण तिखट-मीठही लावू नको. आणि ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांना प्रत्यक्ष भेटून सांग. त्याप्रमाणे ती अधिकाऱ्यांचे दरवाजे ठोठावत राहिली. खरा मित्र पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही म्हणतात. गांधीजींनी तिच्या हातात हे काम दिलं होतं!

पाच वर्षांनी फेरा उलटा फिरला. गांधीजी लंडनला येणार म्हटल्यावर तिनं किंग्जली हॉलचं आमंत्रण धाडलं. तोवर १९२८ मध्ये हॉलची नवी इमारत झाली होती. तिच्या गच्चीवर कार्यकर्त्यांसाठी छोट्या छोट्या खोल्या होत्या. गांधीजींनी आमंत्रण स्वीकारलं. हिंदुस्थानात ज्यांच्यासाठी आपण काम करतो तशाच माणसांमध्ये लंडनलाही राहता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

१२ सप्टेंबर १९३१ ला, ऐन पावसात, गांधीजी लंडनला पोचले. सोबत महादेवभाई देसाई, प्यारेलाल, मीराबेन आणि धाकटा मुलगा देवदास. गच्चीवरची एक खोली गांधीजींना मिळाली. अंथरूण टाकलं की जेमतेम चालायला जागा उरावी एवढीच. तिथं ते बारा आठवडे राहिले.

हे ऐकायला छान वाटतं. पण हा हट्ट महागात पडणारा होता, हेही खरं. परिषदेत हिंदुस्थानच्या भवितव्याचा खल चालू होता. कोण कुणाला भेटतं, रात्री जेवणाच्या टेबलावर काय ठरतं, याला अशा वेळी फार महत्त्व असतं. आणि काँग्रेसचा एकमेव प्रतिनिधी रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपायला जातोय! जाण्या-येण्यात वेळ जायचा. झोप जेमतेम काही तासांची. रात्री उशिरा परतायचं, आणि पहाटे प्रार्थनेला पुन्हा उठायचं. सोयीचं म्हणून शेवटी नाइट्सब्रिजमध्ये एक घर कचेरीसाठी घ्यावं लागलं. दिवसभर भेटीगाठी तिथं व्हायच्या. रात्री मुक्काम तिथंच करा, असा आग्रह झाला तर नवल नाही. पण मुक्काम हलला नाही.

उजाडायच्या आत गांधीजी बोच्या रस्त्यांवर फिरायला निघायचे. थंडीत पंचा, वर शाल, पायांत चपला. मागे धापा टाकणारे कार्यकर्ते आणि संरक्षणासाठी नेमलेले दोन पोलीस. कामावर निघालेले मजूर थांबून रामराम करावा तसे हात वर करायचे. पोरं ‘गांधी, तुझी पँट कुठंय?’ म्हणून ओरडायची, आणि त्यात चेष्टेपेक्षा सलगीच जास्त असायची. त्याच वर्षी चर्चिल यांनी याच वेषाला ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून हिणवलं होतं. शब्दांत फार फरक नव्हता, पण बोलणाऱ्यांत होता.

गांधीजी शेजाऱ्यांच्या घरी जायचे. चूल कुठं, मुलं झोपतात कुठं, भाडं किती, हे विचारायचे. तो मंदीचा काळ होता. बोमधल्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष बेकार होते. त्याच शरद ऋतूत सरकारनं बेकारभत्ता दहा टक्क्यांनी कापला आणि घरात कोण किती कमावतं याची चौकशी करून भत्ता ठरवायचा नियम आणला. गांधीजींनी हे सगळं परिषदेच्या कागदांतून नव्हे, उंबऱ्यावरून पाहिलं.

आणि इथंच खरी परीक्षा होती. कारण इंग्लंडमधल्या बेकारीतला थोडासा वाटा खुद्द पाहुण्याचाही मानला जात होता! परदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळं लँकेशायरच्या गिरण्यांना फटका बसला होता. सप्टेंबरच्या अखेरीस गांधीजी मुद्दाम तिथं गेले, बेकार गिरणी कामगारांना भेटले. खोटी आशा त्यांनी दाखवली नाही. तुमचे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडं वर्षातले सहा महिने कोट्यवधी माणसं रिकामी बसतात, अशा अर्थाचं ते बोलले. बहिष्कार मागं घेतो असं काही म्हणाले नाहीत. तरीही गिरणीतल्या बायकांनी त्यांच्या भोवती जमून जयजयकार केला. तो प्रसिद्ध फोटो आजही बघायला मिळतो. ज्याच्यामुळं आपली चूल थंडावली त्याचंच स्वागत माणसं का करतात? बहुधा एवढ्यासाठी, की तो तोंड चुकवून गेला नाही, समोर येऊन बसला.

बोमध्ये त्यांचे खरे दोस्त झाली ती चिल्ड्रन्स हाऊसची बच्चेकंपनी. मुलांनी त्यांचं ‘अंकल गांधी’ करून टाकलं. एकदा एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आल्याची गोष्ट सांगतात. मुलगी रोज सकाळी बापाला फटके मारून उठवते. त्यानं हात उगारला की म्हणते, ‘उलट मारायचं नाही, अंकल गांधींनी सांगितलंय!’ अहिंसेचा धडा मुलीनं असा सोयीनं घेतला होता. बापाची तक्रार अर्थात हसत हसत होती.

२ ऑक्टोबरला गांधीजींचा वाढदिवस आला. मुलांनी आपापली चीजवस्तू गोळा करून त्यांना भेट पाठवली. लोकरीची खेळण्यातली कुत्री, वाढदिवसाच्या गुलाबी मेणबत्त्या, एक निळी पेन्सिल, गोळ्या... या मुलांच्या घरी खेळणी किती असणार, याचा विचार केला तर त्या भेटीचं मोल कळतं. गांधीजींनी वस्तू संग्रही ठेवल्या नाहीत, पण या मात्र त्यांनी बरोबर हिंदुस्थानात नेल्या.

परिषद १ डिसेंबरला संपली. हाती काही लागलं नाही. ५ डिसेंबरला गांधीजींनी बोचा निरोप घेतला. संरक्षणाला असलेल्या दोन पोलिसांनाही त्यांनी इटलीपर्यंत सोबत नेलं आणि पुढं आठवणीनं घड्याळं पाठवली. २८ डिसेंबरला ते मुंबईला उतरले आणि आठवड्याच्या आतच, ४ जानेवारी १९३२ ला, भल्या पहाटे मणिभवनात त्यांना अटक झाली. रवानगी पुण्याला, येरवडा तुरुंगात.

येरवड्यातून त्यांनी जी पत्रं लिहिली त्यांतलं एक होतं बोच्या मुलांना. किंग्जली हॉलमध्ये असताना तुमच्या भेटींबद्दल आभार मानायला सवडच झाली नाही, ते आता तुरुंगातून मानतो, असा त्याचा मतलब. त्यात त्यांनी आणखी एक गोष्ट कबूल केली. ती खेळणी आश्रमातल्या मुलांना द्यायची असं मनात होतं, पण आश्रमापर्यंत पोचताच आलं नाही.

राजमुकुटापुढं ज्याचं काही चाललं नाही तो माणूस, तुरुंगात बसून, एका मजूरवस्तीतल्या पोरांना हिशेब देत होता. तुमची खेळणी अजून पोचती झाली नाहीत म्हणून!

म्युरियलनंही मैत्री अर्ध्यावर सोडली नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंपानं हाहाकार उडवला. त्या साली ती पुन्हा आली आणि भूकंपग्रस्त भागात गांधीजींबरोबर हिंडली. पुढं शांततेच्या कामासाठी तिनं जग पालथं घातलं. दुसऱ्या महायुद्धात तिच्याच सरकारनं तिला अडकवून ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला. १९६८ मध्ये ती गेली. किंग्जली हॉलनं नंतरही वेगळे प्रयोग पाहिले. १९६५ ते १९७० या काळात डॉ. आर. डी. लैंग यांनी मनोरुग्णांना कुलपाशिवाय राहता येईल असं घर तिथं चालवलं. मग इमारत बरीच वर्षं पडीक होती. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटानंतर तिच्या दुरुस्तीला जोर आला आणि १९८० च्या दशकात ती पुन्हा वस्तीसाठी खुली झाली. गच्चीवरची ती खोली जपून ठेवली आहे.

गांधीजी सेंट जेम्स पॅलेसच्या जवळ उतरले असते तर परिषदेचा निकाल बदलला असता का? इतिहासाचे अभ्यासक त्यावर वाद घालोत. पण बोतल्या एका गल्लीला जे मिळालं ते मिळालं नसतं, एवढं नक्की. आणि म्युरियललाही. वर्षानुवर्षं एकाच वस्तीत राबणाऱ्या माणसाला कौतुकाची भाषणं पुष्कळ ऐकायला मिळतात. येऊन राहणारं कुणी मिळत नाही.

आपल्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीचं असं एखादं माणूस असतं. झोपडपट्टीत बालवाडी चालवणारी वर्गमैत्रीण असते, स्टेशनवरच्या मुलांना शिकवणारा जुना शेजारी असतो. दिवाळीला आपण त्यांना पाकीट पाठवतो, ‘एकदा यायचंय तुझ्याकडं’ असं दरवेळी म्हणतो. यंदा जाऊन बघा. सकाळी जाऊन दुपारी परतायच्या बेतानं नको, मुक्कामाला जा. गादी कुठंही टाकली तरी चालेल, असं आधीच कळवून टाका.